एकच नाव दोनदा दिसले, म्हणून एक पुसायचे का?

आपण इथे नेहमी रक्तदाब, साखर, थायरॉईड अशा विषयांवर बोलतो. आज मात्र मी तुम्हाला माझ्या दवाखान्यातल्या कॉम्प्युटरबद्दल सांगणार आहे. विषय आहे विंडोजची रजिस्ट्री आणि तिच्यात दिसणाऱ्या दुहेरी नोंदी. डॉक्टरांनी हा उद्योग कधीपासून सुरू केला, असे तुम्हाला वाटेल. पण लेख शेवटपर्यंत वाचा. यात माझी एक चूक आहे आणि तीच चूक माझे कितीतरी रुग्ण औषधांच्या बाबतीत करत असतात.

त्या रात्री काय झाले?

माझा दवाखाना तालुक्याच्या गावी आहे. ईसीजीचे यंत्र यूएसबीच्या वायरने कॉम्प्युटरला जोडलेले आहे. आलेख पडद्यावर उमटतो आणि मग त्याची प्रिंट काढायची. कॉम्प्युटर सहा-सात वर्षांचा, त्यामुळे हळू चालायला लागला होता. एका रविवारी रात्री मी इंटरनेटवरून रजिस्ट्री साफ करणारा एक फुकटचा प्रोग्रॅम उतरवून घेतला. त्याने पाच मिनिटांत लाल अक्षरांत हजारावर ‘दोष’ दाखवले. त्यातले बरेचसे ‘दुहेरी नोंदी’ या सदरात होते. मी बटण दाबले. नोंदी गेल्या. काही बिघडले नाही, पण कॉम्प्युटरचा वेगही वाढला नाही.

तिथेच थांबलो असतो तर बरे झाले असते. पण हात शिवशिवत होते. मी कॉम्प्युटरमध्ये बसवलेल्या प्रोग्रॅमची यादी उघडली. तिच्यात ‘मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस रिडिस्ट्रिब्युटेबल’ हे लांबलचक नाव एकाखाली एक दहा वेळा होते. पुढे साले वेगवेगळी, २००८, २०१०, २०१२, २०१३ अशी, आणि प्रत्येक सालाच्या पुन्हा दोन-दोन नोंदी. मी मनाशी म्हटले, सगळ्यात नवे आहे ना, मग जुनी कशाला ठेवायची? आठ काढून टाकली आणि समाधानाने झोपलो.

सोमवारी रात्री साडेनऊला एक पन्नाशीचे गृहस्थ आले. छातीत दडपण, अंगाला घाम, डावा हात जड. त्यांना टेबलावर झोपवले, वायरी लावल्या आणि ईसीजीचा प्रोग्रॅम उघडायला गेलो, तर पडद्यावर चौकट आली. ‘एमएसव्हीसीआर१००.डीएलएल’ नावाची फाइल सापडत नाही म्हणून प्रोग्रॅम सुरू होऊ शकत नाही, असा तिचा मजकूर. कॉम्प्युटर बंद केला, पुन्हा चालू केला. तीच चौकट. वायर काढून दुसरीकडे लावली. पुन्हा तीच चौकट.

छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा पहिला ईसीजी १० मिनिटांच्या आत निघाला पाहिजे, हे आम्ही शिकतो आणि पुढच्यांना शिकवतो. ती १० मिनिटे मी कॉम्प्युटर बंद-चालू करण्यात घालवली. मग भानावर आलो. त्यांना ॲस्पिरिन चावायला दिली, रुग्णालयात फोन केला, गाडीत घातले आणि स्वतः सोबत गेलो. तिथल्या ईसीजीत हार्ट अटॅक स्पष्ट दिसला. त्याच रात्री अँजिओप्लास्टी झाली. आज ते बरे आहेत आणि दर महिन्याला तपासणीला येतात. झालेला प्रकार मी त्यांना सांगितला आहे आणि त्यांच्या परवानगीनेच इथे लिहितो आहे. ते एवढेच म्हणाले, “डॉक्टर, मशीनच ते, कधीतरी बंद पडणारच.” पण मशीन बंद पडले नव्हते. मी पाडले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या कॉम्प्युटरची कामे बघणारा मुलगा आला. यादी बघून म्हणाला, “सर, ही सी प्लस प्लसची सगळी कुठं गेली?”

“दुहेरी होती, म्हणून काढली.”

तो हसला नाही. म्हणाला, “सर, पेशंटच्या दोन गोळ्या एकाच रंगाच्या असल्या, तर तुम्ही एक बंद करता का?”

त्याने २०१० सालचे पॅकेज पुन्हा बसवले आणि पाच मिनिटांत ईसीजी सुरू झाला. मग मी त्याला चहा सांगितला आणि तासभर समोर बसवून सगळे समजावून घेतले. ते आता तुम्हाला माझ्या भाषेत सांगतो.

रजिस्ट्री म्हणजे काय?

रजिस्ट्री हे विंडोजचे दप्तर आहे. कोणता प्रोग्रॅम कुठे बसवला आहे, कोणती फाइल कशात उघडायची, प्रिंटर कोणता, पडद्याचा रंग कोणता, अशा लाखो नोंदी त्यात असतात. पूर्वी प्रत्येक प्रोग्रॅम आपली माहिती स्वतःच्या छोट्या फाइलमध्ये ठेवायचा. १९९२ साली आलेल्या विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्रीची छोटी सुरुवात झाली आणि विंडोज ९५ पासून बहुतेक सगळा कारभार तिच्यात आला.

तिची रचना कपाटासारखी आहे. कपाटात कप्पे, कप्प्यांत आणखी कप्पे आणि त्यांत चिठ्ठ्या. चिठ्ठीवर एक नाव आणि त्यापुढे माहिती. आता एक साधा नियम लक्षात घ्या. एका कप्प्यात एकाच नावाच्या दोन चिठ्ठ्या राहू शकत नाहीत, आणि एकाच नावाचे दोन कप्पेही शेजारी शेजारी राहू शकत नाहीत. विंडोज तसे करूच देत नाही.

म्हणजे एकाच जागी दुहेरी नोंद हा प्रकार रजिस्ट्रीत नसतोच. आपल्याला जे दुहेरी दिसते, ते नेहमी दोन वेगळ्या पत्त्यांवर असते. माझ्या केसपेपरांत एकाच नावाचे आणि आडनावाचे तीन रुग्ण आहेत. त्यातले दोन पेपर मी फाडून टाकत नाही, कारण नोंदणी क्रमांक वेगळे आहेत. रजिस्ट्रीत पत्ता हाच नोंदणी क्रमांक.

मग दुहेरी का दिसते? त्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण: नोंद एकच, दारे दोन

रजिस्ट्री उघडली की पाच मोठी कपाटे दिसतात. प्रत्यक्षात ती पाच वेगळी कपाटे नाहीत. ‘एचकी करंट यूजर’ हे त्यातले एक. आत्ता जो माणूस कॉम्प्युटर वापरतो आहे, त्याच्या आवडीनिवडी तिथे दिसतात. पण त्या नोंदी मुळात ‘एचकी यूजर्स’ या दुसऱ्या कपाटातल्या त्याच्या कप्प्यातल्या असतात. पहिले कपाट म्हणजे त्या कप्प्यात जायचे नुसते दार.

शेती असलेल्यांना हे लगेच कळेल. तुमची जमीन सातबाऱ्यावर गट क्रमांकाने दिसते आणि आठ-अ वर तुमच्या खात्याखाली दिसते. कागद दोन, पण जमीन एकच. दोन कागदांवर आली म्हणून ती दुप्पट होत नाही.

असाच आणखी एक नमुना सिस्टिमच्या कप्प्यात आहे. तिथे ‘कंट्रोलसेट००१’ असा कप्पा असतो आणि शेजारी ‘करंटकंट्रोलसेट’ असतो. दोन्हींत अक्षरशः तेच. कारण दुसरा कप्पा ही फक्त पहिल्याकडे बोट दाखवणारी पाटी आहे. सध्या कोणता संच वापरात आहे, त्याचा आकडा ‘सिलेक्ट’ नावाच्या कप्प्यात लिहिलेला असतो. कॉम्प्युटर सुरू होताना कोणते ड्रायव्हर आणि कोणत्या सेवा चालू करायच्या, हे त्या संचावर ठरते.

इथला धोका नीट समजून घ्या. एका दारातून आत जाऊन नोंद पुसली, तर ती दुसऱ्या दारातूनही दिसेनाशी होते. आपल्याला वाटते आपण जादाची प्रत काढली. प्रत्यक्षात मूळच गेलेले असते.

दुसरे कारण: दिसायला सारखी, वापरणारे वेगळे

दवाखान्याच्या भिंतीवर सर्वांसाठी सूचना असते, ‘उपाशीपोटी साखर तपासायला सकाळी यावे’. आणि एखाद्या रुग्णाच्या फाइलवर मी लिहितो, ‘यांनी उपाशी राहू नये’. विषय एकच, सूचना दोन. त्या रुग्णासाठी फाइलवरची सूचना मोठी. रजिस्ट्रीतही एकच गोष्ट सगळ्या मशीनसाठी ‘एचकी लोकल मशीन’मध्ये आणि एका माणसासाठी ‘एचकी करंट यूजर’मध्ये लिहिलेली असू शकते. कोणती फाइल कशात उघडायची, हे सांगणाऱ्या ‘एचकी क्लासेस रूट’ या कपाटात तर या दोन्हींची एकत्र यादी दिसते, आणि जिथे दोघांचे जुळत नाही तिथे त्या माणसाची नोंद वरचढ ठरते.

आणखी एक नाव तुम्हाला दिसेल, ‘वॉव६४३२नोड’. आजचे बहुतेक विंडोज ६४ बिटचे आहे, पण जुने ३२ बिटचे प्रोग्रॅमही त्यावर चालतात. दोघांची सरमिसळ होऊ नये म्हणून विंडोज ३२ बिटवाल्यांच्या नोंदी या वेगळ्या कप्प्यात ठेवते. त्या प्रोग्रॅमला हे माहीतही नसते. तो नेहमीच्या पत्त्यावर हाक मारतो आणि विंडोज त्याला गुपचूप या कप्प्याकडे वळवते. त्यामुळे एकाच कंपनीचे नाव दोन ठिकाणी दिसते.

माझी चूक नेमकी इथे झाली. मी उघडलेली प्रोग्रॅमची यादी रजिस्ट्रीतल्या ‘अनइन्स्टॉल’ या कप्प्यांतूनच तयार होते. असा एक कप्पा ६४ बिटवाल्यांचा, एक ३२ बिटवाल्यांचा आणि एक त्या-त्या वापरणाऱ्याचा. म्हणून प्रत्येक सालाच्या दोन-दोन नोंदी होत्या. आणि साले वेगळी होती, कारण जो प्रोग्रॅम ज्या सालच्या साधनांनी लिहिला गेला, त्याला त्याच सालचे पॅकेज लागते. २०१५ पासूनची पॅकेजेस एकत्र केलेली आहेत आणि तिथे नवे जुन्याची जागा घेते. २०१३ पर्यंतची मात्र एकमेकांच्या उपयोगी पडत नाहीत. माझा ईसीजीचा प्रोग्रॅम जुना, ३२ बिटचा, २०१० च्या साधनांनी केलेला. मी ठेवलेली दोन नवी पॅकेजेस त्याच्या काहीच कामाची नव्हती.

तिसरे कारण: खरोखरच मागे राहिलेले

हेही असते. प्रोग्रॅम काढला तरी त्याच्या चार चिठ्ठ्या मागे राहतात. प्रिंटर एका यूएसबी भोकातून काढून दुसऱ्यात घातला, तर विंडोज कधी कधी त्याला नवा पाहुणा समजते आणि यादीत त्याच नावाचा ‘कॉपी १’ उभा राहतो. मग प्रिंट जुन्याला पाठवली जाते आणि कागद काही बाहेर येत नाही. हा ‘कॉपी’ प्रकार आमच्या रिसेप्शनवर महिन्यातून एकदा घडायचा. प्रत्येक वायर कायम त्याच भोकात घालायची, असे ठरवून वर चिकटपट्टीवर नावे लिहिली, तेव्हा थांबला.

अशा उरलेल्या चिठ्ठ्यांनी कॉम्प्युटर हळू होतो का? जवळपास नाहीच. विंडोज सगळे दप्तर पहिल्या पानापासून वाचत बसत नाही. हवी ती नोंद पत्त्याने थेट काढते. लाखोंत शे-दोनशे चिठ्ठ्या जास्त असल्या तर तुम्हाला जाणवणारही नाही. रजिस्ट्री साफ करणाऱ्या प्रोग्रॅमना आपला पाठिंबा नाही, असे मायक्रोसॉफ्टनेच जाहीर केलेले आहे. त्यांच्यामुळे प्रसंगी सगळे विंडोज नव्याने टाकायची वेळ येऊ शकते, असा इशाराही दिलेला आहे. माझा कॉम्प्युटर हळू होता, तो जुनी हार्ड डिस्क आणि अपुरी मेमरी यांमुळे. दोन्ही बदलल्यावर तो पळायला लागला. म्हणजे निदानच चुकले होते. ताप कशामुळे आला ते न बघता औषध दिले होते.

आता तुमचा औषधांचा डबा उघडा

हा प्रकार झाल्यावर मला माझ्या एका आजी आठवल्या. वय सत्तरच्या पुढे, मधुमेह जुना. त्यांना इन्सुलिनची दोन पेने होती. एक जेवणाआधी घ्यायचे, लगेच काम करणारे. दुसरे रात्री एकदा घ्यायचे, दिवसभर हळूहळू काम करणारे. दिवाळीला मुलगा आला. त्याने फ्रिज उघडला. दोन्ही पेने एकाच कंपनीची, दिसायला सारखी. “आई, एकच इन्सुलिन दोनदा कशाला घेतेस? डॉक्टरांनी चुकून दोनदा लिहिलंय,” असे म्हणून त्याने रात्रीचे पेन बाजूला ठेवून दिले. आईच्या काळजीपोटीच केले. दहा दिवसांनी आजी आल्या तेव्हा साखर ४०० च्या वर होती आणि त्यांना दाखल करावे लागले. तेव्हा मी त्या मुलाला बरेच बोललो होतो. आज तो भेटला तर इतके बोलणार नाही.

औषधांतही तीच तीन कारणे असतात.

एक औषध, दोन कागद. माझ्या चिठ्ठीवर रक्तदाबाची टेल्मिसार्टन असते. नंतर तुम्ही रुग्णालयात दाखल होता आणि डिस्चार्ज कार्डावर तीच टेल्मिसार्टन दुसऱ्या कंपनीच्या नावाने, कदाचित दुसऱ्या औषधासोबत एकाच गोळीत, लिहून मिळते. तुम्ही दोन्ही कागद मेडिकलमध्ये दाखवता आणि दोन्ही घेता. रक्तदाब खाली जातो, चक्कर येते, बाथरूममध्ये पडायला होते. तापासाठी पॅरासिटामॉल आणि सोबत सर्दीची गोळी घेणारेही बरेच असतात. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल आधीच असते. निरोगी मोठ्या माणसाने २४ तासांत सगळे मिळून ४ ग्रॅमच्या वर जाऊ नये, आणि यकृताचा आजार किंवा दारूची सवय असेल तर मर्यादा त्याहून बरीच खाली येते. रजिस्ट्रीत एकच नोंद दोनदा दिसली तर नुकसान नाही. पोटात एकच औषध दोनदा गेले तर आहे. म्हणून गोळीचे मोठ्या अक्षरांतले नाव वाचून थांबू नका. खाली बारीक अक्षरांत मूळ औषधाचे नाव असते, ते बघा.

दिसायला सारखी, कामे वेगळी. आजींची इन्सुलिन पेने त्यातलीच. यातले एक स्वतःहून बंद करणे म्हणजे मी केले तेच.

मागे राहिलेली. औषध बदलले, पण जुनी पट्टी डब्यातच. ही खरोखर काढायची. पण कोणती जुनी, हे खात्रीने माहीत असेल तरच.

मग करायचे काय?

कॉम्प्युटर असो की डबा, काही काढण्याआधी मी आता स्वतःला तीन प्रश्न विचारतो. याचा वापर कोण करते? हे ठेवले तर नेमके काय बिघडते आहे? आणि काढून चूक झाली, तर परत ठेवता येईल का? पहिल्याचे उत्तर माहीत नसेल तर मी हात लावत नाही.

कॉम्प्युटरपुरते सांगायचे तर:

१. रजिस्ट्री साफ करणारे प्रोग्रॅम वापरू नका.

२. दुहेरी प्रिंटर किंवा नको असलेला प्रोग्रॅम काढायचा असेल, तर तो विंडोजच्या सेटिंग्जमधून काढा. सुरुवातीला आपोआप चालू होणारे प्रोग्रॅम टास्क मॅनेजरमधून बंद करा. तिथे ते पुन्हा चालूही करता येतात.

३. रजिस्ट्रीत हात घालणे भागच असेल, तर आधी तो कप्पा ‘एक्स्पोर्ट’ करून त्याची प्रत ठेवा आणि सिस्टिम रिस्टोअरचा बिंदू तयार करा. ही सोय काही कॉम्प्युटरवर बंद असते, म्हणून चालू आहे ना, ते आधी बघा.

४. ज्या कॉम्प्युटरवर कोणाचा जीव किंवा पोट अवलंबून आहे, त्यावर रविवारी रात्री प्रयोग करू नका. मी आता बॅटरीवर चालणारे एक साधे ईसीजी यंत्र वेगळे घेऊन ठेवले आहे. त्याला कॉम्प्युटर लागत नाही.

आणि औषधांपुरते एकच. पुढच्या वेळी तपासणीला याल तेव्हा घरातल्या सगळ्या पट्ट्या, बाटल्या, पेने आणि आयुर्वेदिक चूर्णेसुद्धा एका पिशवीत घालून आणा. सगळे कागदही आणा. मी ती पिशवी टेबलावर रिकामी करतो आणि आपण दोघे मिळून एकेक बघतो. दहा मिनिटे लागतात. बाहेर रांग असली तरी मी ती देईन. एखादी गोळी दोनदा लिहिली गेली आहे असे तुम्हाला वाटले तर जरूर विचारा, डॉक्टरही चुकतात. फक्त विचारण्याआधी बंद करू नका. आणि दोन्ही घ्याव्यात की नाही अशी शंका आली, तर पुढचा डोस घेण्याआधी फोन करा.